एस्प्रेसो यंत्रातील ग्राइंडरची जुळवणी आणि दुरुस्ती

घरगुती एस्प्रेसो यंत्राच्या पोटातच बसवलेल्या ग्राइंडरविषयी ज्या तक्रारी केल्या जातात, त्यांतील बहुतेकींचे मूळ मोडतोडीत नसते. कॉफी भसकन वाहून जाणे, थेंबथेंब पडणे, पूड अर्धीच येणे, मोटर घुमणे पण दळण न होणे, यांपैकी काहीही घडले तरी संशय आधी जुळवणीवर, मग साचलेल्या मळावर आणि सर्वांत शेवटी तुटलेल्या भागावर घ्यावा. हा क्रम पाळला, तर पाना हाती घेण्याची वेळ क्वचितच येते. मी स्वतः हा क्रम उलटा लावून एक नट आणि एक अख्खी संध्याकाळ वाया घालवली आहे. त्याविषयी पुढे येईलच.

ग्राइंडर आतून कसा असतो

दाणे दळणाऱ्या दातेरी भागांना बर्र म्हणतात. घरगुती यंत्रांत ते बहुधा शंकूच्या आकाराचे, पोलादाचे किंवा सिरॅमिकचे असतात. खालचा बर्र सुळक्यासारखा असून मोटर तो फिरवते; वरचा बर्र कड्यासारखा असून तो जागच्या जागी स्थिर राहतो आणि त्या सुळक्याला चहूबाजूंनी वेढतो. हॉपरमधून, म्हणजे वरच्या दाणे भरण्याच्या भांड्यातून, उतरलेले दाणे वरच्या मोठ्या दात्यांत फुटतात, खालच्या बारीक दात्यांत त्यांची पूड होते, आणि खालच्या बर्रच्या तळाशी असलेला छोटा पंखा ती पूड ढकलत नळीच्या तोंडाशी नेतो, जिथून ती पोर्टाफिल्टरमध्ये, म्हणजे पूड धरणाऱ्या दांडीच्या वाटीत, पडते.

पूड भरड होणार की बारीक, हे दोन बर्रमधील फटीवर अवलंबून असते. बाहेरचे बटण फिरवले की वरचा बर्र आपल्या आट्यांवर किंचित वर-खाली सरकतो, आणि बटणाच्या एका खाचेने पडणारा फरक मिलिमीटरच्या काही शतांशांइतकाच असतो. आट्यांत अडकलेली चिमूटभर पूड किंवा तिरपा बसलेला बर्र एवढ्यानेही सगळी जुळवणी का बिघडते, ते यावरून कळावे.

जुळवणी कशावर मोजावी

बटणावरील आकड्याला स्वतःचा असा अर्थ नसतो. एकाच नमुन्याच्या दोन यंत्रांत 5 हा आकडा वेगवेगळी पूड देतो, आणि त्याच यंत्रात वेगळे दाणे भरले की पुन्हा वेगळी. म्हणून जुळवणीसाठी दोन साधने लागतात: 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा आणि सेकंद मोजणारे घड्याळ. सुरुवातीला धरण्याजोगे माप असे आहे की 18 ग्रॅम पुडीपासून सुमारे 36 ग्रॅम कॉफी पंप सुरू झाल्यापासून 25 ते 30 सेकंदांत कपात उतरावी. हे माप म्हणजे नियम नव्हे. पण जुळवणीला एक खुंटी लागते आणि ती याहून चांगली मला सापडलेली नाही. पोर्टाफिल्टरमध्ये बसणारी छिद्रांची वाटी, म्हणजे बास्केट, लहान असेल तर पूड तिच्या मापाने घ्यावी आणि कपातील कॉफीचे वजन त्याच्या दुप्पट धरावे.

येथे एक अट आहे. अनेक यंत्रांबरोबर दोन प्रकारच्या बास्केट येतात. एकीच्या तळाला सगळीकडे बारीक छिद्रे असतात. दुसरीला दुहेरी तळ असून बाहेरून पाहता एकच छिद्र दिसते. दुहेरी तळाची बास्केट त्या एका छिद्रातून स्वतःच दाब निर्माण करते, त्यामुळे पूड भरड असली तरी कॉफीवर फेस येतो आणि ग्राइंडरची चूक झाकली जाते. जुळवणी करायची ती एकेरी तळाच्या बास्केटवरच करावी, अन्यथा आपण ग्राइंडर जुळवतो आहोत की बास्केटचे छिद्र मोजतो आहोत, हेच कळत नाही.

बटण फिरवण्याचीही रीत आहे. बारीक करायचे असेल तर मोटर चालू असतानाच फिरवावे. मोटर बंद असताना दोन बर्रच्या मध्ये अर्धवट फुटलेले दाणे अडकून असतात, आणि त्या स्थितीत फट कमी करू पाहिली की ते दाणे पाचरीसारखे बसतात. बटण अडते, जोर लावल्यास त्याचे प्लास्टिकचे दाते झिजतात, आणि पुढच्या वेळी मोटर सुरू होताना तिच्यावर नाहक ताण येतो. भरड करताना फट वाढतच असल्याने ही भीती नसते. मात्र ज्या स्वयंचलित यंत्रांच्या पुस्तिकेत दोन्ही दिशांसाठी चालू मोटरची अट घातलेली असते, तेथे तीच पाळावी.

बटण एका किंवा दोन खाचांनी हलवल्यावर काही ग्रॅम पूड दळून टाकून द्यावी, कारण नळीत आणि पंख्याच्या कोनाड्यात आधीच्या जुळवणीची पूड शिल्लक असते. ही पायरी गाळल्यामुळे माणसे गोंधळतात. बदल केला, फरक दिसला नाही, म्हणून आणखी दोन खाचा फिरवल्या, आणि तिसऱ्या कपाला यंत्र पार तुंबले, हा प्रकार नेहमीचा आहे.

माझ्या वहीतील एका सकाळची नोंद अशी आहे. बटण 8 वर, पूड 18 ग्रॅम, 36 ग्रॅम कॉफी 17 सेकंदांत; चव पाणचट आणि आंबट. बटण 6 वर आणले, जुनी पूड काढून टाकली आणि तितकेच सेकंद दळले. कॉफी 21 सेकंदांत उतरली. म्हणजे फरक अपेक्षेपेक्षा कमी पडला. पूड तोलून पाहिली तेव्हा ती 16.8 ग्रॅम निघाली. बारीक दळताना दाणे फटीतून हळू उतरतात, त्यामुळे सेकंदांवर चालणारा ग्राइंडर तेवढ्याच वेळात कमी पूड देतो. दळण्याचा वेळ वाढवून पूड पुन्हा 18 ग्रॅम केली तेव्हा तीच 6 ची खाच 27 सेकंदांवर आली. सांगायचे ते हे की, प्रत्येक बदलानंतर पूड तोलावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वजन, टॅम्परचा (पूड दाबण्याच्या ठोकळ्याचा) दाब आणि खाच या तिन्ही गोष्टी एकदम हलवल्या तर दोष कोणाचा, ते कधीच हाती लागत नाही.

कॉफी घाईने वाहते पण एका बाजूने चिळकांडी उडते, किंवा वापरलेल्या पुडीच्या वडीवर भोक पडलेले दिसते, तेव्हा ग्राइंडरला हात लावू नये. पाण्याने पुडीतून वाट काढली आहे, एवढाच त्याचा अर्थ. पूड सारखी पसरून, गुठळ्या मोडून, टॅम्पर सरळ दाबून पुन्हा पाहावे.

बटण टोकाला जाऊनही पूड भरडच येत असेल तर

आधी दाणे तपासावेत. भाजून बराच काळ लोटलेल्या दाण्यांतील वायू निघून गेलेला असतो, त्यांची पूड पाण्याला कमी अडवते आणि कोणत्याही ग्राइंडरवर कॉफी पळतेच. ताज्या भाजलेल्या दाण्यांवरही तसेच घडत असेल, तरच आतील जुळवणीकडे वळावे.

पुष्कळ यंत्रांत बाहेरच्या बटणाखेरीज वरच्या बर्रवर आणखी एक जुळवणी असते. ब्रेव्हिलच्या बरिस्ता एक्सप्रेस यंत्रात, उदाहरणार्थ, वरच्या बर्रच्या कडेवर 1 ते 10 असे आकडे असतात आणि कारखान्यातून तो 6 वर ठेवलेला येतो. लहान आकडा म्हणजे बारीक. असा बदल करण्यासाठी यंत्राचा प्लग काढावा, हॉपरची झडप बंद करून हॉपर उचलावा आणि दाणे काढून घ्यावेत. मग प्लग लावून, हॉपर रिकामाच बसवून, उरलेले दाणे दळून संपवावेत आणि प्लग पुन्हा काढावा. त्यानंतर वरच्या बर्रची तारेची मूठ उघडून तो फिरवून बाहेर काढावा, मूठ दोन्ही बाजूंनी सोडवावी, कडे एका आकड्याने सरकवावे आणि मूठ नव्या आकड्याच्या खाचेशी जुळवून परत बसवावी. एका वेळी एकच आकडा. बर्र परत बसवण्यापूर्वी त्याच्या बसण्याची जागा ब्रशने स्वच्छ करावी आणि बाहेरचे बटण मधोमध आणून मगच नव्याने मोजायला सुरुवात करावी, नाहीतर पहिलाच कप तुंबतो.

ज्या यंत्रांत असे आकडे नसतात, तेथे शून्यबिंदू शोधावा लागतो. ग्राइंडर पूर्ण रिकामा करून मोटर चालू ठेवावी आणि बटण अगदी सावकाश बारकाईच्या दिशेने न्यावे. दोन बर्र एकमेकांना जेमतेम शिवतात तेव्हा पातेल्याच्या काठावरून चमचा घासल्यासारखा चिरका आवाज येतो. तो ऐकू येताच तत्काळ मागे फिरावे आणि ती जागा पेन्सिलीने टिपून ठेवावी. एस्प्रेसोची जागा त्या बिंदूच्या थोडी अलीकडे, भरड बाजूला सापडते. हा प्रयोग क्षणभराचाच असावा. धातूवर धातू घासत राहिल्यास धार जाते, आणि सिरॅमिकचे बर्र असतील तर तो मुळीच करू नये, कारण ते घासण्याऐवजी टवकतात.

सफाई

रोज वापर असेल तर दोन आठवड्यांतून एकदा वरचा बर्र काढून ब्रशने झाडणे पुरते. कडक ब्रिसल्सचा छोटा ब्रश, नळीतील पूड ओढायला व्हॅक्यूम क्लीनर आणि कोपऱ्यांसाठी लाकडी काडी एवढेच साहित्य लागते. धातूची सुई किंवा स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दात्यांत घालू नये. पोलादी बर्र पाण्याने धुऊ नयेत. ते गंजतात, आणि खालच्या बर्रवर पडलेले पाणी सरळ बेअरिंगपर्यंत झिरपते. गडद भाजलेल्या, तेलकट दाण्यांचा चिकट थर ब्रशला दाद देत नसेल, तर ग्राइंडरसाठी मिळणाऱ्या सफाईच्या गोळ्या दळाव्यात आणि नंतर थोडे दाणे दळून ती पूड फेकावी. गोळ्यांऐवजी कच्चे तांदूळ दळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. तांदूळ कॉफीच्या दाण्यापेक्षा कठीण असतो, घरगुती मोटरला त्याचा ताण सोसवेलच असे नाही, आणि त्याचे पीठ नेमके आट्यांत जाऊन बसते.

झाडताना सर्वांत जास्त लक्ष दात्यांकडे नव्हे, तर आट्यांकडे आणि वरच्या बर्रच्या बैठकीकडे द्यावे. तेथे पुडीचा थर असला की बर्र केसभर तिरपा बसतो, फट एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी राहते, आणि पुडीत भरड कण व पीठ एकत्र येऊ लागतात. ‘सफाई केली आणि ग्राइंडर बिघडला’ ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच जन्मते. बर्र पुन्हा काढून, बैठक पुसून, शेवटपर्यंत दाबून बसवला की ती मिटते.

पूड बाहेर येण्याची नळी हा वेगळा विषय आहे, कारण ती कॉफी उतरते त्या भागाच्या शेजारीच असते आणि तेथून उठणारी वाफ तिच्यात शिरते. ओलसर पूड नळीच्या भिंतीला थापली जाते, वाट अरुंद होत जाते, आणि एके दिवशी मोटर नेहमीच्या आवाजात फिरत असूनही चिमूटभरच पूड पडते. वरचा बर्र काढून, नळीच्या दोन्ही तोंडांतून लवचीक ब्रश फिरवून हा गठ्ठा मोडता येतो. वाफ सोडताना किंवा गरम पाणी काढताना पोर्टाफिल्टर ग्राइंडरच्या तोंडाखाली ठेवून देण्याची सवय असेल, तर ती सोडावी.

आवाजावरून निदान

मोटर मुळीच सुरू होत नसेल, तर हॉपर काढून पुन्हा खटका वाजेपर्यंत बसवावा. हॉपर नीट बसल्याशिवाय मोटर चालू नये म्हणून तेथे एक छोटा सुरक्षा-स्विच असतो, आणि त्याच्या खाचेत एखादा दाणा किंवा पूड अडकली तरी यंत्र मूग गिळून बसते. पोर्टाफिल्टरने दाबले जाणारे बटणही तसेच तपासावे. लागोपाठ बऱ्याच वेळा दळल्यानंतर मोटर थांबली असेल, तर तिचे तापमान-संरक्षण जागे झाले असण्याचा संभव मोठा. अर्धा तास यंत्र बंद ठेवून पाहावे.

जाड, दबका गुणगुणाट येतो आणि काहीच फिरत नाही, तेव्हा बर्रमध्ये काहीतरी अडकले आहे असे समजून त्याच क्षणी बंद करावे. अडकलेल्या मोटरला वारंवार चालू करून ‘सुटते का’ पाहणे हा तिला जाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे. प्लग काढून, दाणे काढून, वरचा बर्र उघडावा. तो हलत नसेल तर बटण भरड बाजूला नेऊन, मूठ दोन्ही दिशांना थोडीथोडी डोलवत सोडवावी. बहुधा आत खडा सापडतो. भाजलेल्या दाण्यांत त्याच रंगाचा, वाटाण्याहून लहान खडा सहज मिसळून जातो. मला सापडलेला खडा चिमट्याने उचलेपर्यंत मी दाणाच समजत होतो. तो काढल्यावर दोन्ही बर्रवर विजेरीचा प्रकाश तिरपा पाडून दाते टवकले आहेत का, ते पाहावे.

मोटर हलक्या, उंच आवाजात मोकळी फिरते आणि हॉपरमधील दाणे जराही खाली सरकत नाहीत, तेव्हा दोन शक्यता उरतात. एक म्हणजे तेलकट दाणे हॉपरच्या गळ्यात कमान करून अडले आहेत, आणि ते लाकडी काडीने, मोटर बंद ठेवून, मोडता येतात. दुसरी म्हणजे मोटरचा दांडा फिरतो आहे पण खालचा बर्र फिरत नाही. अनेक ग्राइंडरांत या दोहोंच्या मध्ये मुद्दाम कमकुवत ठेवलेली एक छोटी खीळ असते, जी खडा अडकल्यावर स्वतः तुटून मोटर आणि गिअर वाचवते. ती तुटली असेल तर नवी बसवणे हाच उपाय. तिच्या जागी खिळ्याचा तुकडा ठोकू नये, कारण पुढच्या खड्याला गिअरचे दाते तुटतील.

खालचा बर्र काढणे

येथपर्यंत आल्यावर प्लग काढलेला आहे ना, हे पुन्हा पाहावे आणि यंत्र पूर्ण थंड होऊ द्यावे. यंत्राचे बाहेरचे कवच उघडावे लागत नाही तोवरच हे काम घरचे. वायर, मोटर किंवा सर्किट बोर्ड यांपर्यंत जाणे भाग असेल, तर ते जाणकार दुरुस्तीवाल्याकडेच द्यावे. यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर त्याही आधी थांबावे.

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि काढलेले भाग पांढऱ्या कापडावर त्याच क्रमाने मांडावेत. सुळक्याच्या डोक्यावरील नट अनेक यंत्रांत उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सैल होतो. फिरणाऱ्या भागाच्या ओढीने नट सुटू नये, तर उलट घट्ट होत राहावा, म्हणून अशी योजना असते. हे ठाऊक नसताना मी नेहमीच्या दिशेने सगळा जोर लावला आणि नटाचे सहाही कोन गोल करून ठेवले. बरोबर मापाचे सॉकेट वापरावे. पकड वापरू नये. दांडा नटाबरोबर फिरू लागला तर बर्रभोवती जाड कापड गुंडाळून तो धरावा आणि सॉकेटला झटका द्यावा.

नटाखाली स्प्रिंग-वायसर, साधा वायसर, मग बर्र, त्याखाली कदाचित आणखी पातळ वायसर, खीळ, पंखा आणि नमद्याची किंवा रबरी चकती असा क्रम साधारणपणे आढळतो. खिळेचे तुकडे खोबणीत राहिलेले असतात. ते चिमट्याने वेचावेत. बर्रखालील पातळ वायसर हरवू नयेत, कारण खालच्या बर्रची उंची त्यांच्यावर ठरते. बर्र जुने झाल्यावर आतील आणि बाहेरील दोन्ही जुळवण्या टोकाला गेल्या असतील, तर निर्माता त्या नमुन्यासाठी देत असलेला एक पातळ वायसर वाढवून खालचा बर्र किंचित उचलता येतो. एकच वाढवावा आणि नट आवळल्यावर, वरचा बर्र बसवून, प्लग लावण्याआधी खालचा बर्र हाताने फिरवता येत असल्यास फिरवून पाहावा. घासण्याचा आवाज आला तर तो वायसर काढावा लागेल.

सगळे परत बसवल्यावर बटण भरड टोकाला ठेवूनच मोटर सुरू करावी, रिकामी दोन-तीन सेकंद ऐकावी, मग मूठभर दाणे घालून दळावे आणि ती पूड टाकून द्यावी.

बर्र कधी बदलावेत

झिजलेला बर्र एकाएकी बंद पडत नाही. त्याच दाण्यांसाठी महिन्यागणिक बटण बारीक बाजूला सरकत जाते, 18 ग्रॅम दळायला पूर्वीपेक्षा जास्त सेकंद लागतात, पूड हाताला कोमट लागते आणि कपातील कॉफी एकाच वेळी कडूही आणि आंबटही होते. दात्याची धार प्रकाशात धरून पाहावी. तीक्ष्ण धार प्रकाश परतवत नाही. बोथट झालेली कड बारीक पांढऱ्या रेघेसारखी चमकते, आणि तिच्यावरून नख आडवे ओढले तर ते न अडकता घसरते. वरचा आणि खालचा बर्र नेहमी जोडीनेच बदलावेत, कारण झिजलेला एक आणि नवा एक यांच्यामधील फट वरून खालपर्यंत सारखी राहत नाही.

नवे बर्र बसवल्यावर जुना आकडा विसरावा. बोथट बर्रसाठी बारीक बाजूला नेऊन ठेवलेले बटण नव्या बर्रसाठी फारच आवळलेले ठरते आणि पहिल्याच कपाला दाब वर जाऊन थेंबही पडत नाही. वाढवलेला वायसर काढून, आतील जुळवणी कारखान्याच्या आकड्यावर आणून, बाहेरचे बटण मधून भरड बाजूला ठेवून सुरुवात करावी. पहिले एक-दोन किलो दाणे दळले जाईपर्यंत दात्यांवरील सूक्ष्म खरखरीतपणा कमी होत असतो आणि खाच आपोआप थोडी सरकत राहते, म्हणून तेवढ्या काळात रोजचा पहिला कप काटा आणि घड्याळ लावूनच काढावा.